शाळेचे खेळघर : सुट्या भागांची इमारत निवडताना

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



जून महिन्यात शाळा उघडते आणि त्याच सुमारास पावसालाही आरंभ होतो. कोकणात व घाटमाथ्यावर तर पुढील चार महिने क्रीडांगण चिखलात जाते. वेळापत्रकात खेळाचा तास असतो, परंतु मुले वर्गातच बसून राहतात. विदर्भ-मराठवाड्यात हीच अडचण मार्च-एप्रिलच्या उन्हाने उत्पन्न होते. यास्तव शाळेस छपराखालचे एखादे खेळघर असावे, अशी इच्छा पुष्कळ गावांतून व्यक्त होते. ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती आणि माजी विद्यार्थी त्यासाठी वर्गणी जमविण्यास पुढे येतात. अशा वेळी कारखान्यात तयार झालेले सुटे भाग आणून जागेवर जोडावयाची इमारत स्वस्त व सोयीची म्हणून सुचविली जाते. विक्रेता रंगीत चित्रे दाखवितो, दर सांगतो, आणि निर्णय मात्र बहुधा मुख्याध्यापकाच्या सल्ल्यावर सोपविला जातो. तो सल्ला जाणतेपणाने कसा द्यावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ही बांधणी नवी नव्हे. 1851 साली लंडन येथे भरलेल्या महाप्रदर्शनाचा लोखंड व काच यांचा प्रचंड महाल अशाच सुट्या भागांतून काही महिन्यांत उभा राहिला. पुढे तो उलगडून सिडनहॅम येथे नेण्यात आला व 1854 साली तेथे खुला झाला. शीघ्र उभारणी आणि गरज पडल्यास स्थलांतर, हे या पद्धतीचे दोन मोठे गुण होत. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी पाया तयार असेल, तर सुट्टीत सांगाडा व छप्पर उभे राहू शकते आणि अभ्यासात खंड पडत नाही. परंतु गुण विक्रेता सांगतोच. उणिवा शोधणे हे घेणाऱ्याचे काम आहे.

पहिला प्रश्न इमारतीचा नसून खेळाचा आहे. कोणते खेळ, एका वेळी किती मुले, हे आधी कागदावर लिहावे. महिला व कनिष्ठ गटाचे कबड्डीचे मैदान 12 मीटर लांब व 8 मीटर रुंद असते. रेषेलगतच भिंत आली, तर पकड सोडवून धावणाऱ्या मुलाचे डोके तीवर आपटेल. म्हणून चारही बाजूंस दोन-दोन मीटर मोकळी जागा धरावी. म्हणजे आतले माप 16 मीटर बाय 12 मीटर होते. या मापात 13.40 मीटर बाय 6.10 मीटरचे बॅडमिंटनचे एक कोर्टही बसते. खो-खोचे 27 मीटर बाय 16 मीटरचे मैदान मात्र यात मावणार नाही. ते बाहेरच राहील. सबब खेळघर बांधताना क्रीडांगण गिळले जाणार नाही, ही दक्षता घ्यावी. शिक्षण हक्क कायदा, 2009 याच्या परिशिष्टात शाळेस क्रीडांगण आवश्यक म्हटले आहे.

माप ठरले की इमारतीचा प्रकार आपोआप ठरतो. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिला तयार पेट्यांचा. मालवाहू पेटीच्या आकाराची ही खोली सुमारे 6 मीटर लांब, 2.4 मीटर रुंद आणि 2.6 मीटर उंच असते. टेबल टेनिसचे टेबल 1.525 मीटर रुंद असते. ते अशा पेटीत ठेवले तर दोन्ही बाजूंस हातभर जागाही उरत नाही. पेट्या शेजारी-शेजारी जोडून मधल्या भिंती काढल्या, तरी आधाराचे खांब मधे राहतात आणि उंची वाढत नाही. मल्लखांबावर चढलेल्या मुलाचा तर येथे विचारच नको. साहित्याची कोठी, कपडे बदलण्याची खोली, कॅरम-बुद्धिबळाची खोली यांसाठी पेटी उत्तम. धावण्या-उडण्याच्या खेळांस ती निरुपयोगी होय.

दुसरा प्रकार पोलादी कमानींच्या सांगाड्याचा. यात दोन्ही कडांस खांब आणि मधली सर्व जागा मोकळी असते. खेळघरासाठी हाच निवडावा. मात्र उंची विचारताना छपराच्या शिखराची उंची ऐकून समाधान मानू नये. कडेच्या भिंतीपाशी व तुळईखाली किती उंची मिळते ते विचारावे. बॅडमिंटनच्या मोठ्या स्पर्धांना लागणारी उंची शाळेस परवडणारी नाही. तथापि खेळाच्या जागेवर सहा मीटर तरी मोकळे असावेत, नाही तर फूल वारंवार छपरास लागेल.

यानंतर पाया व वारा. काळ्या मातीची जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तेथे पाया मुरुमापर्यंत नेल्याशिवाय सांगाडा सरळ राहणार नाही. जोते आजूबाजूच्या जमिनीहून उंच असावे, अन्यथा पहिल्याच पावसात पाणी आत येईल. हलक्या इमारतीस स्वतःच्या वजनाचा आधार नसतो. वारा तिला खाली दाबण्यापेक्षा वर उचलू पाहतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा कित्येक घरांचे व शाळांचे पत्रे उडून गेले. भारतीय मानकाच्या नकाशात पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदास 39 मीटर, तर मुंबई व नागपूरसाठी 44 मीटर धरला आहे. म्हणून एका गावी टिकलेली इमारत दुसऱ्या गावी टिकेलच असे नाही. आपल्या स्थळाच्या वाऱ्याचा हिशेब अभियंत्याच्या सहीने मागावा. किनाऱ्यालगत खारी हवा लोखंड खाते. तेथे जस्ताचा लेप दिलेलेच भाग घ्यावेत.

उष्णता हा तिसरा शत्रू. नुसत्या पत्र्याखाली दुपारी भट्टी होते आणि पावसात शिक्षकाचा शब्द मुलांस ऐकू येत नाही. यावर उपाय म्हणजे छपराखाली उष्णतारोधक थर, फिकट रंग, भिंतींत खाली झडपा आणि शिखरावर गरम हवा बाहेर जाण्यास वाट. परंतु हा थर कशाचा आहे, येथेच सर्वांत मोठी सावधगिरी हवी. थर्मोकोल व फोम स्वस्त असतात, पण पेट घेतात व विषारी धूर सोडतात. दगडी लोकर जळत नाही. तिची किंमत अधिक असली तरी तिचाच आग्रह धरावा.

लोखंडी इमारत जळत नाही, हा समज घातक आहे. लंडनचा तो लोखंडी महालदेखील 30 नोव्हेंबर 1936 रोजी आगीत नष्ट झाला. राजकोट येथे 25 मे 2024 रोजी पत्र्याच्या तात्पुरत्या बांधणीतील एका खेळघरास आग लागून 27 जणांचा मृत्यू झाला. त्यांत मुलेही होती. आत वेल्डिंगचे काम चालू होते, जळाऊ पदार्थ साठविलेले होते आणि बाहेर पडण्याची वाट अपुरी होती. सुट्टीच्या दिवशी आनंदासाठी गेलेली मुले घरी परतली नाहीत. हे वृत्त वाचून हळहळणे पुरेसे नाही. त्यातून नियम घालून घ्यावेत. समोरासमोर दोन रुंद दारे असावीत, ती बाहेर उघडणारी असावीत आणि मुले आत असताना त्यांस कुलूप कधीही नसावे. आत रॉकेल, रंग, फटाके वा जुने कागद साठवू नयेत. मुले आत असताना वेल्डिंग करू देऊ नये. अग्निशामक नळकांडे कोठे आहे हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक असावे, आणि घर रिकामे करण्याचा सराव दर सत्रात एकदा घ्यावा.

अखेरीस खर्च. दरपत्रक पाहताना त्यात पाया, जमीन, वीज, वाहतूक आणि जोडणी धरली आहे की नाही, हे तपासावे. या गोष्टी वगळून सांगितलेला दर ऐकण्यास गोड असतो. आधी शिदोरी, मग जेजुरी. पहिल्या पावसाळ्यानंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळून देण्याची अट करारात लिहून घ्यावी. दरवर्षी मे महिन्यात गंज, पन्हळी व पत्र्यांचे आकडे तपासण्यासाठी थोडी रक्कम बाजूस ठेवावी. निर्णयापूर्वी दोन-तीन पावसाळे पाहिलेले एखादे खेळघर समितीने भर दुपारी जाऊन पाहावे आणि तेथील शिक्षकांशी बोलावे.

पैसा अपुरा असेल, तर घाईने लहान पेटी घेण्यापेक्षा पक्के जोते, मजबूत सांगाडा व छप्पर एवढेच प्रथम करावे. भिंती पुढील वर्षी होतील. भिंतींविना उघड्या मंडपातही कबड्डी रंगते, व्यायाम होतो, लेझीम वाजते. मात्र उघड्या छपरास वारा खालून अधिक उचलतो. तसा हिशेब अभियंत्याकडून आधीच करून घ्यावा. गावाने घामाच्या पैशातून दिलेले हे छप्पर मुलांच्या डोक्यावर सुरक्षित राहावे, यासाठी मापपट्टी हाती घेऊन प्रश्न विचारणारा शिक्षक गावोगावी असणे अगत्याचे आहे.