शिवणाऱ्या भगिनींची बैठक

(संस्थेच्या मरोळ येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



शिवणवर्गाविषयी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची सूचना आहे. शिवणवर्ग म्हटला की किती यंत्रे मिळाली, किती भगिनी शिकल्या, हे सांगण्याची पद्धत आहे. ते अहवालात छापलेले आहे. आम्ही आज यंत्राविषयी न बोलता यंत्रापुढच्या स्टुलाविषयी बोलणार आहोत. विषय ऐकून कोणाला हसू आले तर येऊ द्या. दिवसभर शिवणाऱ्या भगिनी हसणार नाहीत.

घरी शिवणारी बाई आपली बैठक हळूहळू जमवून घेते. कधी लाकडी पेटीवर गोधडीची घडी ठेवते, कधी स्टुलाच्या पायाखाली फळीचा तुकडा सारते, पाठीमागे भिंत येईल असे यंत्र फिरवते. हे तिला कोणी शिकवलेले नसते. पण तीच बाई घराबाहेर शिवायला गेली की ही सर्व जुळणी घरीच राहते. तिथे जे मिळेल त्यावर बसावे लागते.

आपला मरोळचा परिसर पाहा. १९७३ साली सीप्झ सुरू झाले, एमआयडीसीची वसाहत वाढली, आणि मरोळ ते साकीनाका या पट्ट्यात गाळ्यांची गर्दी झाली. त्यांपैकी कित्येक गाळ्यांत कपडे शिवले जातात. आपल्या वस्तीतील भगिनी तिथे कॉलर लावतात, बाह्या जोडतात, ओव्हरलॉक करतात, आणि पैसे नगावर मिळतात. बसायला काय असते? कुठे बाक, कुठे लोखंडी स्टूल, कुठे प्लॅस्टिकची खुर्ची, आणि तीही मोडली तर मालाचे खोके. एक भगिनी रोज पिशवीत डब्याबरोबर उशी नेत असे. उशी तिथेच ठेवली तर दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या कोणाच्या तरी खाली सापडायची. यावरून भांडणे होतात, आणि बाहेरच्यांना वाटते बायका उशीवरून भांडतात! त्या उशीवरून भांडत नाहीत, पाठीवरून भांडतात.

आमच्या वर्गातून शिकून गेलेल्या आणखी एका भगिनीने सात महिन्यांत गाळ्यातले काम सोडले. कंबर धरत होती, उजवा खांदा उचलत नव्हता. घरात सांगितले तर उत्तर मिळाले की बाळंतपणाने कंबर गेली. गाळ्यात सांगितले तर म्हणाले, काम करायचे नसेल तर तसे सांगा. तिची स्वतःचीही समजूत झाली की आपल्यातच काही उणे आहे. ती ज्या स्टुलावर बसत होती त्याची उंची किती, हे कोणीही विचारले नाही. महिन्याची कमाई गेली आणि मुलीची शिकवणी बंद झाली.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात बसण्याच्या सोयीविषयी ४४ वे कलम होते. उभे राहून काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा विसावा घेण्यास बैठक द्यावी, आणि जे काम बसून नीट होण्यासारखे आहे तिथे मुख्य निरीक्षकाने आसने देण्याचा लेखी आदेश काढावा, अशी त्यात तरतूद होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि त्या जुन्या कायद्याची जागा त्यांनी घेतली. कायद्याचे विद्यार्थी येथे आहेत, त्यांनी नवी कलमे अवश्य वाचावीत. पण आमचे म्हणणे साधे आहे. उभा आहे त्याला बसायला द्या, इथपर्यंत कायद्याने पाहिले. जी आधीपासून बसलेलीच आहे, ती कशावर बसली आहे हे पाहण्याचे काम बरेचसे मागे राहिले. शिवाय लहान गाळ्यापर्यंत कायदा पोहोचतो किती, हे आपण सर्व जाणतो.

ही केवळ कुरकुर नव्हे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात लहान लहान शिवण-कारखान्यांतील कामगारांवर एक प्रयोग झाला. तेही बहुतेक परमुलखातून पोटासाठी आलेले लोक. मान आणि खांदे दुखणाऱ्या २७७ जणांचे तीन गट केले. एका गटाला पुढची कड खाली वळलेल्या बैठकीची खुर्ची दिली, दुसऱ्याला सपाट बैठकीची, तिसऱ्याला खुर्ची न देता किरकोळ वस्तू दिल्या. चार महिने पाहिले. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वळलेल्या बैठकीवर बसणाऱ्यांचे दुखणे सर्वांत अधिक उतरले होते. औषध नाही, मालीश नाही, केवळ खुर्ची बदलली.

याचे कारण शिवणाऱ्या बाईच्या बसण्यात आहे. लिहिणारा मागे टेकू शकतो, शिवणारी टेकू शकत नाही. नजर सुईवर, हात कापडावर, पाय पायडलवर, म्हणजे अंग पुढे झुकलेलेच राहणार. बैठक मागे उतरती असेल तर कंबर मागे ओढली जाते आणि मान पुढे ताणली जाते. म्हणून सभागृहातील घडीच्या लोखंडी खुर्च्या शिवणाला अगदीच निरुपयोगी. त्या मंडपवाल्याकडून भाषण ऐकण्यासाठी आणलेल्या असतात, आणि भाषणालाही त्या फार सुखाच्या नाहीत, हे आपण आता अनुभवत आहातच! प्लॅस्टिकच्या खुर्चीचेही तेच. बैठक मागे उतरते, कापडावरून अंग घसरते, आणि फाकलेले पाय यंत्राच्या जवळ येऊ देत नाहीत. लहान गोल स्टुलाची कड मांडीत रुतते आणि पायाला मुंग्या येतात.

मग चांगली बैठक कशी ओळखावी? दोन्ही पाय पायडलवर पूर्ण टेकले पाहिजेत, टाच अधांतरी नको. मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती हवी. खांदे न उचलता कोपर तक्त्याच्या पातळीला यावे, आणि सुई छातीच्या मध्यासमोर यावी. बैठक १४ इंच चौरस, पुढची कड रंध्याने गोल केलेली, वर कापसाची घट्ट गादी. फोम लवकर दबतो आणि उन्हाळ्यात रेक्झिनखाली घाम धरतो. आमच्या जुन्या शिक्षिका स्टुलाच्या मागच्या दोन पायांखाली अर्ध्या इंचाची फळी ठोकून घेत. बैठक तेवढीच पुढे उतरते, आणि कंबर आपोआप सरळ राहते. मोटारीच्या यंत्रावर एकच पाय काम करतो, तिथे दुसऱ्या पायाला टेकायला फळी हवी. दर तासाने दोन मिनिटे उठून उभे राहावे. नगावर काम करणारीला हे सांगणे सोपे नाही, याची आम्हांस जाणीव आहे.

मुख्य अडचण एकाच मापाची आहे. बाजारातील खुर्चीची बैठक सर्वसाधारणपणे १७-१८ इंच उंच. पावणेपाच फुटांची बाई आणि साडेपाच फुटांची बाई दोघींना तीच. कापड बेतताना आपण प्रत्येकीचे माप घेतो, बसवताना मात्र घेत नाही.

येथे कार्यकारिणीला स्पष्ट बोलतो, राग नसावा. यंत्र देणारे दाते मिळतात, कारण यंत्रावर नाव रंगवता येते. स्टुलावर नाव घातले तर त्यावर कोणी तरी बसणार, म्हणून दाते पुढे येत नाहीत. यंदा एक यंत्र कमी घ्या आणि त्या पैशांतून वर्गासाठी निरनिराळ्या उंचीची स्टुले करवून घ्या. ज्या भगिनी बाहेर शिवायला जातात त्यांना पातळ गादी आणि पायाखालची फळी संस्थेतर्फे द्यावी. पिशवीत मावेल आणि गाळ्यातून संध्याकाळी परत नेता येईल, अशा मापाची.

आपल्यातील एका सुतारबंधूंनी मजुरी न घेता काम करण्याचे कबूल केले आहे, लाकूड संस्थेने द्यावयाचे. पुढच्या रविवारी दुपारी तीन वाजता वर्गाच्या खोलीत मापे घेतली जातील. भगिनींनी नेहमीच्या चपला घालून यावे आणि गाळ्यातील यंत्राच्या तक्त्याची जमिनीपासूनची उंची मोजून आणावी. फीत नसेल तर दोरीला गाठ मारून आणली तरी चालेल.