महिरपींचं विमान

एक विमान डोळ्यांसमोर आणा. पांढरंशुभ्र, सत्तर मीटर लांब, आणि खिडक्यांभोवती लाल रंगात रेखलेल्या महिरपी, राजस्थानी हवेलीच्या झरोक्यासारख्या. एअर इंडियाचं पहिलं बोइंग ७४७, 'एम्परर अशोका', एप्रिल १९७१मध्ये मुंबईत उतरलं ते हा साज लेवून. आकाशातला महाल म्हणून त्याची जाहिरात होत असे, आणि लांबून पाहिलं तरी ते पटत असे.

संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी हा साज मी गेले काही महिने पुन्हा रंगवतो आहे. विमानाचा आकार तयार मिळतो, रंग आपण चढवायचा. अंगरख्याची शिवण उसवून कापड जमिनीवर पसरावं, तशी विमानाची कातडी सपाट चित्रांवर मांडलेली असते. माझ्याकडच्या मॉडेलमध्ये एक बाजू दोन चित्रांत आहे, प्रत्येक ४०९६ पिक्सेल लांब. म्हणजे एक पिक्सेल साधारण साडेआठ मिलिमीटरचा. ७४७च्या एका खिडकीच्या मध्यापासून पुढचीच्या मध्यापर्यंत वीस इंच. तेव्हा एका महिरपीच्या वाट्याला आले जेमतेम साठ पिक्सेल! तेवढ्यात कमानीचं टोक, तिची वळणं, सगळं बसवायचं. एक महिरप काढून पुढे तिच्या नकला करत जावं म्हटलं, तर नाकाकडे विमान निमुळतं होतं आणि सपाट चित्रातली सरळ ओळ तिथे अंगावर चढताच वाकडी होते. त्या भागातली प्रत्येक महिरप मी हातानं काढली. काढायची, विमानावर चढवून पाहायची, पुसायची, पुन्हा काढायची.

लाल रंगानं मात्र खरा घाम काढला. तो शेंदरी होता की कुंकवासारखा? पुरावा जुन्या रंगीत छायाचित्रांचा, आणि त्यांतल्या कित्येकांमधला निळसर रंग वर्षानुवर्षं उडत जातो, चित्र तांबूस होतं. विमान आहे त्याहून लाल दिसू लागतं. शेवटी पांढऱ्या रंगानं वाट दाखवली. विमानाचं पांढरं अंग चित्रात जेवढं गुलाबी दिसत होतं, तेवढा तांबूसपणा सगळ्या चित्रातून काढला. मग उरलेला लाल विश्वासाचा वाटला.

हाच साज नंतरच्या ७४७ विमानांवरही होता. तरी मी अशोकाच निवडलं. १ जानेवारी १९७८च्या रात्री दुबईला निघालेलं हे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली, एकही वाचलं नाही. एवढ्या देखण्या विमानाची आठवण त्या एका रात्रीपुरती उरावी, हे मला सोसवत नाही.

परवा नोंदणीची अक्षरं लिहिली, व्हीटी-ईबीडी. मग नाव लिहिलं. मुंबईहून ते उडवायला हात धजला नाही. मी एप्रिल महिना लावला, सकाळची वेळ घेतली, आणि विमान सांताक्रूझला उतरवलं. धावपट्टीवरून वळताना महिरपींवर ऊन आलं.