पोटाची तक्रार, आखडलेले सांधे आणि बोअरचे पाणी

(अकोला येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवणारा माणूस. पेरणीचे अंतर, खताची मात्रा, ओलिताच्या पाळ्या यावर बोलावे एवढाच माझा अधिकार. आज मात्र मी पोटाच्या व सांध्यांच्या एका वेगळ्या दुखण्याविषयी बोलणार आहे. असे का, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी हरभऱ्याच्या हंगामात एक शेतकरी बोअरच्या पाण्याची बाटली तपासणीसाठी घेऊन आले. म्हणाले, “पाणी गोड हाये सर. साबणाला फेस येते, डाळ लवकर शिजते. पण वावर टणक होऊन राह्यलं, पाणीच मुरत नाही.” तपासणीत कॅल्शियम अगदी कमी, सोडियम व बायकार्बोनेट जास्त आणि आरएससी २.५ च्या वर निघाला. मी जिप्समचा हिशेब लिहून दिला. उठता उठता त्यांनी सांगितले की, डावा बैल वर्षभरापासून आखडत चालतो, औताला टिकत नाही. घरी बायको व धाकटा भाऊ पोटाने हैराण आहेत आणि भावाची कंबर चाळिशीतच धरली आहे. मी म्हणालो, “भाऊ, बैल डॉक्टरला दाखवा आणि घरच्यांना दवाखान्यात न्या.” सांगितले ते चूक नव्हते, परंतु उत्तर माझ्या टेबलावरच्या त्या बाटलीत असू शकते, हे माझ्या ध्यानात आले नाही. ते आले सहा महिन्यांनी. तेव्हा त्यांना बोलावून पाण्यातील फ्लोराईड तपासून घ्यायला लावले. ते मर्यादेच्या दुपटीहून अधिक निघाले. तोवर त्या घरात तीन वर्षे पित्ताच्या आणि दुखण्याच्या गोळ्या चालू होत्या.

फ्लोराईडयुक्त पाण्यामुळे होणाऱ्या या रोगास फ्लोरोसिस म्हणतात. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतील काही गावांना तो चांगलाच परिचित आहे. पांढरकवडा भागातील भूजलाचा जो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात काही ठिकाणी लिटरला १३ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड आढळले होते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. अकोला-अमरावतीकडील प्रत्येक बोअर वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. एकाच गावात एक बोअर चांगला व दोनशे पावलांवरचा दुसरा वाईट असू शकतो, म्हणूनच ही गोष्ट अंदाजाने ठरत नाही.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांतील ८९४ गावे येतात. तेथील माणसाला खारे पाणी जिभेवर कळते. फ्लोराईडला मात्र ना रंग, ना वास, ना चव. उलट ज्या पाण्यात कॅल्शियम कमी व बायकार्बोनेट जास्त असते, त्या पाण्यात खडकातील फ्लोराईड अधिक विरघळून राहते. कॅल्शियम भरपूर असते तेथे ते खाली बसते. म्हणजे फेसाळणारे, डाळ शिजवणारे, जिभेला गोड लागणारे पाणीच कधी कधी संशयास्पद असते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ओलिताच्या पाण्याचा तपासणी अहवाल पडून असेल. त्यातील आरएससीचा आकडा पाहा. तो २.५ च्या वर असेल आणि तेच पाणी घरात पीत असाल, तर फ्लोराईडची तपासणी करून घ्यावी. आरएससी जास्त म्हणजे फ्लोराईड आहेच असे नव्हे, पण शंका घेण्यास तेवढे कारण पुरेसे आहे. (जिप्सम हे जमिनीसाठी आहे. ते पिण्याच्या पाण्यात टाकण्याचा प्रयोग कोणी करू नये.)

हा रोग आपल्या देशात प्रथम ओळखला तो शेतकऱ्यांनीच. १९३० नंतरच्या काळात आंध्रातील नेल्लोर भागात नांगराचे बैल सांधे आखडून चालेनासे झाले, हे तेथील शेतकऱ्यांच्या लक्षात आले. माणसांमधील रोगाची शास्त्रीय नोंद डॉ. शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली केली. बैल दिवसाला ४०-५० लिटर पाणी पितो, त्याला दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून जाता येत नाही आणि त्याच्या चालीवर आपली रोज नजर असते. त्यामुळे बैल आखडला, पायाच्या हाडावर गाठी आल्या, दातांवर डाग पडून ते लवकर झिजले आणि त्याच गोठ्यातील दुसऱ्याही जनावरांत असे दिसले, तर पशुवैद्यकांना दाखवताना पाण्याचीही गोष्ट काढावी.

माणसांत पहिली तक्रार बहुधा पोटाची असते. जठरातील आम्लाशी फ्लोराईडचा संयोग होऊन तयार होणारे आम्ल जठराच्या आतील अस्तरास झोंबते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. ए. के. सुशीला यांनी या तक्रारींचा बारकाईने अभ्यास केला. मळमळ, भूक मंदावणे, पोट फुगणे, पोटात दुखणे, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब असे हे चालते. आता ही लक्षणे शंभर कारणांनी होतात. मग ओळखायचे कसे? एकाच पाण्यावरच्या तीन-चार माणसांना ती आहेत का, ते पाहा. गोळी असेपर्यंत बरे आणि गोळी संपली की पुन्हा तेच, असे होते का? आणि सर्वांत उपयोगी खूण म्हणजे, माहेरी किंवा लग्नकार्याला पंधरा दिवस बाहेर राहिले की पोट शांत होते आणि घरी परतल्यावर पुन्हा बिघडते. हे डॉक्टर विचारतीलच असे नाही, तेव्हा आपणच सांगावे.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे, पण ती हसण्यासारखी नाही. गॅस झाला की आपण काळे मीठ घातलेले चूर्ण घेतो. काळ्या मिठात फ्लोराईड असू शकते, म्हणून फ्लोरोसिसच्या रुग्णास ते वर्ज्य सांगतात. बिनदुधाचा कडक चहा आणि सुपारी यांचेही तसेच.

हाडांचे दुखणे हळू येते. फ्लोराईड हाडात साठते. हाड जाड दिसते पण चिवटपणा गमावते आणि सांध्यांभोवतीच्या बंधांत कॅल्शियम बसून ते ताठरतात. प्रथम मान व कंबर, नंतर गुडघे व खुबे. पुढच्या अवस्थेत पाठ वाकते, मज्जारज्जू दबून पायांतील शक्ती जाते. घरच्या घरी तीन गोष्टी करून पाहता येतात. गुडघे न वाकवता जमिनीवरचे नाणे उचलता येते का? हनुवटी छातीला टेकते का? हात बाजूला पसरून, कोपरात दुमडून, डोक्याच्या मागे लागतात का? तरण्या माणसाला यातले जमत नसेल तर थांबू नये. दवाखान्यात हाताच्या पुढच्या भागाचा एक्स-रे काढला तर दोन हाडांमधील पडद्यात कॅल्शियम बसलेले दिसते; लघवीतील फ्लोराईडही मोजता येते.

मुलांचे दात अवश्य पाहावेत. पक्क्या दातांवर दोन्ही बाजूंना सारखे, आडवे पिवळे-तपकिरी पट्टे असतील आणि घासून जात नसतील तर ती मोठी खूण आहे. हे डाग दात हिरडीत तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत पडतात. त्यामुळे दुसऱ्या गावाहून आलेल्या सुनेचे दात स्वच्छ आणि सांधे मात्र दुखतात, असे होऊ शकते. दात चांगले आहेत म्हणून तिचे दुखणे खोटे समजू नये.

तथापि प्रत्येक दुखण्याचा दोष पाण्यास देणे हेही धोक्याचे आहे. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे. त्यात हाडे, सांधे व पोट तिन्ही दुखतात आणि रक्त तपासून तो कळतो. गुरांच्या गर्भपाताशी संबंधित ब्रुसेलोसिस माणसास झाला तर ताप येऊन सांधे दुखतात. मणक्याचा क्षय, संधिवात, ‘ड’ जीवनसत्त्वाचा अभाव हेही आहेत. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, रोज सायंकाळी ताप येणे यांपैकी काही असेल तर पाण्याच्या अहवालाची वाट न पाहता दवाखाना गाठावा. आणि दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाणे बंद करावे. त्या जठराला जखम करतात व मूत्रपिंडावर ताण आणतात; मग मूळ दुखणे कोणते आणि गोळीचे कोणते, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही.

आता मर्यादेविषयी एक हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सर्व मार्गांनी मिळून दिवसाला ६ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड पोटात जाऊ लागले की हाडांना धोका वाढू लागतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. नांगरटी-वखरणी करणारा माणूस तेव्हा सहज ६ लिटर पाणी पितो. पाण्यात १.५ मिलिग्रॅम असले तरी ६ लिटरचे ९ झाले! कागदावर ‘मर्यादेत’ असलेले पाणी कचेरीत बसणाऱ्यास चालेल, वावरात राबणाऱ्यास चालेलच असे नाही. म्हणून आपण १ च्या आतलेच पाणी शोधावे, असे माझे मत आहे.

आहाराचाही संबंध आहे. ज्वारीच्या आहारावर तांदळाच्या आहारापेक्षा शरीरात फ्लोराईड अधिक रोखले जाते, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात नोंदविले. म्हणून ज्वारी सोडा असे मी मुळीच सांगणार नाही. भाकरीसोबत दूध, ताक, तीळ, शेवग्याचा पाला असे कॅल्शियम देणारे आणि आवळा, लिंबू, पेरू असे ‘क’ जीवनसत्त्व देणारे पदार्थ असावेत. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत. मुतखडा असणाऱ्याने तर नाहीच.

उपचार म्हणजे मुख्यतः पाणी बदलणे. हाडातील साठा काढून टाकणारे खात्रीचे औषध नाही. पोटाच्या तक्रारी मात्र चांगले पाणी सुरू केल्यावर बहुधा दहा-पंधरा दिवसांत कमी होतात. हा औषधही आहे आणि निदानही. त्या शेतकऱ्याच्या घरी नळयोजनेचे पाणी प्यायला व स्वयंपाकाला सुरू केले. बायकोचे पोट महिन्याभरात निवळले. धाकट्या भावाची कंबर अजून पूर्ण वाकत नाही.

पाणी उकळल्याने फ्लोराईड जात नाही. पाणी आटून ते थोडे वाढतेच. कापडाने गाळणे, क्लोरीनचे थेंब, मेणबत्तीचा फिल्टर किंवा तुरटी फिरवणे यांनीही ते जात नाही. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी व चुना वापरतात, परंतु तेथे तुरटीची मात्रा बरीच मोठी असते व ती पाणी तपासूनच ठरवावी लागते. आरओ यंत्राने फ्लोराईड निघते. त्याचे वाया जाणारे पाणी मात्र गुरांच्या हौदात सोडू नये, कारण सगळे फ्लोराईड त्यातच गोळा झालेले असते.

पावसाचे पाणी हा मला सर्वांत पसंत असलेला मार्ग. ५० चौरस मीटर पत्र्यावर ७५० मिलिमीटर पाऊस धरला तर ३७,५०० लिटर पाणी पडते. गळती वजा जाता ३०,००० हाती लागते. पाच माणसांना प्यायला व शिजवायला दिवसाला ४० लिटर धरले तर आठ कोरड्या महिन्यांना ९,६०० लिटर पुरतात. म्हणजे १०,००० लिटरची झाकलेली टाकी पुरेशी आहे. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी वाहून जाऊ द्यावे आणि टाकीतले पाणी जंतूंसाठी क्लोरीन टाकूनच वापरावे. आंघोळ, कपडे, भांडी यांना बोअरचे पाणी खुशाल वापरा.

गुरांसाठी लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत मर्यादा सांगितली आहे. बोअर त्याच्या वर असेल तर शेततळ्याचे किंवा नाल्याचे पाणी पाजावे. रॉक फॉस्फेट किंवा सुपर फॉस्फेट जनावरांना चाटवू नये, त्यातही फ्लोराईड असते. पशुखाद्याच्या प्रतीचे खनिज मिश्रणच आणावे.

नमुना घेताना एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, काचेची नको. हातपंप किंवा मोटर पाच-दहा मिनिटे चालवून, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळून काठोकाठ भरावी. गाव, विहीर की बोअर, खोली आणि तारीख यांची चिठ्ठी लावावी. आपल्या ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ती पोहोचवावी. ओलिताच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत फ्लोराईड बहुधा नसते, म्हणून ‘फ्लोराईड’ हा शब्द तोंडाने सांगून अर्जावर लिहून घ्यावा. एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीच्या सुमारास असे दोन नमुने दिल्यास पावसाने काय फरक पडतो तेही कळते.