लाज मोठी की जीव?
(पनवेल येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



मला १२ वर्षांपासून मधुमेह आहे. शौचातून रक्त गेलं, तेव्हा मूळव्याध असेल म्हणून मी ६ महिने गप्प बसले. मुलगी म्हणाली, "अम्मी, लाज मोठी की जीव?" तेव्हा कुठे मी कोलोनोस्कोपीला तयार झाले.

रमजानचे रोजे ठेवतो, एक दिवस न जेवणं काय अवघड, असं वाटलं होतं. पण हा उपवास वेगळा. जुलाबाच्या औषधाने अंगातलं पाणी जातं, म्हणून सांगितलेल्या वेळेपर्यंत भरपूर प्यायचं असतं. गोळ्या, इन्सुलिन नेहमीसारखं घेतलं तर साखर उतरते. आपल्या मनाने बंद केलं तर चढते. म्हणून डॉक्टरांकडून प्रत्येक औषधाचं वेगळं लिहून घेतलं. काही गोळ्या तर ३-४ दिवस आधीच थांबवाव्या लागतात. तपासणीसाठी सकाळची पहिली वेळ मागितली. रात्री साखर ६६ वर आली. सफरचंदाचा गाळलेला रस प्यायले, १५ मिनिटांनी पुन्हा तपासली.

आतड्यात दोन पॉलिप निघाले, तिथेच काढले. कर्करोग नव्हता. पण असे पॉलिप वर्षानुवर्षं राहिले तर काहींचा कर्करोग होतो.

आज घरी गेल्यावर अम्मी-अब्बांजवळ बसा आणि विचारा, "काही लपवत तर नाही ना?"