माशाचे घर आणि जमिनीची मालकी



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमची शाळा म्हणजे गेटसभा. आम्ही माशांवर का बोलावे? कारण जंगल राखा म्हटले की पहिला सवाल येतो, मजुरांच्या पोटाचे काय?

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या उत्तरेस क्लॅमथ नदी आहे. २००२ साली तिच्या खालच्या भागात तीस हजारांहून अधिक मासे, बहुतेक सॅमन, मेले. पाणी कमी, त्यातून कोमट; रोग पसरला. अंडी घालण्यासाठी समुद्रातून वर चढणारा हा मासा वाटेत ब्लू क्रीक या ओढ्याच्या थंड पाण्यात विसावतो. पण तेथील जंगल लाकूड कंपनीचे होते. झाडे तुटली की सावली जाते, माती ओढ्यात उतरते, खडीतली अंडी गाळाखाली गुदमरतात. म्हणजे नदी सुधारायची तर आधी काठची जमीन हाती हवी! एका संस्थेने ती टप्प्याटप्प्याने विकत घेतली, आणि २०२५ पर्यंत सुमारे ४७,००० एकर जमीन मूळच्या युरोक लोकांकडे परत गेली. २०२४ मध्ये वरची चार धरणेही काढली; त्याच वर्षी सॅमन त्यांच्या पलीकडे पोचले.

आता पोटाचा सवाल. लाकूडवाहतुकीचे जुने रस्ते मोडणे, ओढ्यात ओंडके बसवणे, झाडे लावणे, ही कामे माणसांचे हातच करतात. त्यांना रास्त मजुरी मिळावी, ही मागणी आपली. मासा आणि मजूर यांचे भांडण कोणी लावू लागला, तर त्याला एवढेच विचारा: जमीन कोणाची?