डोळे जळतात म्हणून मी केलेले दोन उद्योग

आजचा भाग स्क्रीन बंद करून, नुसता कानानं ऐका. विषयच तसा आहे.

मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आहे, सध्या भोकरला घरूनच काम करतो. मागच्या उन्हाळ्यात एक रिलीज होतं. रोज बारा-तेरा तास लॅपटॉप, समोरून कूलरचा झोत. संध्याकाळी डोळे असे जळायचे की मिरचीचा हात लागलाय! आई म्हणायची, "काय डोळे चोळायलास रे सारखं?"

मी दोन उद्योग केले. आधी ब्लू लाइटवाला चष्मा मागवला, बाराशे रुपयांचा. फरक शून्य. नंतर वाचलं, 2023 मध्ये कोक्रेननं 17 चाचण्यांचा आढावा घेतला होता. अशा चष्म्यानं डोळ्यांचा थकवा कमी होतो, असं काही त्यात दिसलं नाही. असो, गेले बाराशे.

दुसरा उद्योग जास्त वाईट. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय ड्रॉप आणले. दोन दिवसांत लाली गायब. मग काय, महिनाभर टाकत राहिलो.

आपल्याकडं डोळ्यांचा डॉक्टर म्हणजे मोतीबिंदू. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने घराघरात माहीत आहेत, तेही मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळंच. सत्तावीस वर्षांच्या पोरानं डोळे दाखवावेत हे कुणाला सुचतच नाही. मलाही उशिराच सुचलं.

नांदेडच्या डॉक्टरांनी आधी ती बाटली बघितली. त्यात स्टेरॉइड होतं. असे ड्रॉप देखरेखीशिवाय चालू ठेवले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. मग काचबिंदू, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

माझा खरा आजार साधा निघाला. थोडा सिलिंड्रिकल नंबर होता, आणि पापणी लवत नव्हती. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा डोळे मिटतो, स्क्रीनसमोर त्याच्या निम्म्यानंही नाही. तेही अर्धवट. वरचं पाणी सुकतं, डोळा जळतो. त्यात माझा कूलर.

आता नंबरचा चष्मा आहे. कूलर पाठीमागं गेला. लॅपटॉप हातभर लांब, नजरेच्या जरा खाली, अक्षरं मोठी. डार्क मोड बंद केला, काळ्यावरची पांढरी अक्षरं मला पसरट दिसायची. आणि 20-20-20. म्हणजे दर 20 मिनिटांनी, 20 फुटांपलीकडं, 20 सेकंद बघायचं. जेफ्री अन्शेल नावाच्या अमेरिकन दृष्टितज्ज्ञाचा हा नियम. मी खिडकीतून समोरच्या लिंबाच्या झाडाकडं बघतो. मीटिंगमध्ये विसरतो, खोटं कशाला बोलू.

हे सगळं घरी सांगत होतो तर आण्णा उठले आणि कपाटातून एक बाटली घेऊन आले. सेम कंपनीचे ड्रॉप, सेम दुकान. डोळ्यात धूळ गेली की टाकतात, वर्ष झालं.

पुढच्याच सोमवारी त्यांना घेऊन गेलो. दाब थोडा जास्त निघालाय. ड्रॉप बंद केलेत, पुढच्या महिन्यात परत तपासणी आहे.