मुळाशी गेल्याशिवाय



यंदा फाल्गुनात आम्ही काही कार्यकर्ते जोधपूरला जाऊन आलो. मेहरानगड किल्ला सगळेच पाहतात. आम्ही त्याच्या पायथ्याची राव जोधा बाग पाहिली. सत्तर हेक्टर, बहुतेक सगळा खडक. पाऊस वर्षाला सरासरी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास. तिथे लावली आहेत ती खडकाळ वाळवंटात आपल्या बळावर जगणारी झाडं. केराच्या बिनपानाच्या फांद्या लाल फुलांनी भरल्या होत्या. केर म्हणजे आपली नेपती, जिला आपण कुचकामी काटेरी झुडूप म्हणतो!

2006 साली काम सुरू झालं तेव्हा इथे वेड्या बाभळीचं रान होतं. हे अमेरिका खंडातलं झाड. 1930 च्या दशकात संस्थानाने त्याचं बी विमानातून फेकलं, असं सांगतात. हेतू चांगला होता. रान हिरवं झालंही. पण मूळची झाडं दडपली. बाभूळ तोडली की पुन्हा फुटायची. शेवटी खाणीत दगड फोडणारे खंडवालिया कारागीर आणले. हातोडीने खडक ठोकायचा, आवाजावरून तो ओळखायचा आणि छिन्नीने मूळ काढायचं. त्याच खड्ड्यांत तिथली रोपं लावली. 2011 साली बाग लोकांसाठी उघडली.

आम्ही शेतकीची पदवी घेतलेली माणसं तिथे गप्प झालो. हेतू आमचाही चांगला होता. पण भारी काळ्या जमिनीची लांब मुदतीची संकरित कपाशी आम्ही बरड रानालाही सांगत गेलो. बोंडं भरताना ओल संपायची. 2017 साली गुलाबी बोंडअळीने उरलंसुरलं नेलं. शिफारस आमची होती, कर्ज तुमच्या नावावर राहिलं.

देशी तेवढं चांगलं, असं आम्ही म्हणत नाही. देशी कपाशीचं बोंड लहान, वेचणीला मजुरी जास्त, धागा बहुधा आखूड. पण तिचं मूळ खोल जातं, रसशोषक किडी ती जास्त सोसते. म्हणून एकच मागणं आहे. मृगाच्या पावसावर बरड तुकड्यात दहा तास एकेए-7 सारख्या देशी वाणाचे लावा, शेजारी दहा तास नेहमीच्या बियाण्याचे. बियाणं, फवारणी, वेचणी, विक्री सगळं लिहून ठेवा.

वेचणी आटोपली की बैठकीला वही घेऊन या. सल्ला आमचा, पण निवाडा तुमच्या वहीचा.